पुण्याच्या हवेतलं वसतिगृह

८ फेब्रुवारी, रविवार

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "आहे ना माझ्याकडे," मी म्हणाले. भर मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या समोर.

नाहीये माझ्याकडे! इमारतीला किती ऊर्जा लागते ते काढायचं सॉफ्टवेअर असतं, एवढं फक्त ऐकून आहे. स्वतः कधी उघडलं नाही, दुसऱ्या कोणाला उघडतानाही पाहिलं नाही.

झालं असं — गोरखीच्या मागच्या बाजूला आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी समाजाचं मुलींचं वसतिगृह बांधून होत आलंय. नकाशे माझे, देखरेख माझी. शिवपुरी, गुना, दतिया कुठून कुठून मुली शिकायला येतात, त्यांना भाड्याच्या खोल्या शोधत फिरायला लागू नये म्हणून ही खटपट. आता ज्या ट्रस्टने मदत दिली त्यांचं पत्र आलं. म्हणे कॉम्प्युटरवर हिशेब करून अहवाल द्या. इमारत किती तापेल, वीज किती खाईल, छतावर उष्णता अडवणारा थर घालायचा की नाही, कूलर लागतील का, सगळं.

सूर्याजीराव समाजाचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे आपल्या बाईंना येतं का, की दिल्लीहून कोणाला बोलवायचं?" दिल्ली ऐकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सुधाताई लगेच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? माझी विद्यार्थिनी आहे ती." सुधाताईंनी मला शाळेत गणित शिकवलंय, आता वसतिगृह त्याच सांभाळणार आहेत. त्यांचा चेहरा असा फुलला होता की नंतर "थांबा, जरा बघून सांगते" एवढं म्हणायचीसुद्धा छाती झाली नाही.

समाजातली पहिली सिव्हिल इंजिनियर बाई. हे बिरूद एकदा चिकटलं की "मला येत नाही" हे वाक्यच माणूस विसरतो.

९ फेब्रुवारी

दिवसभर शोधलं. एकाची किंमत डॉलरमध्ये. एकाचं अख्खं पान जर्मन भाषेत. एक फुकट मिळालं म्हणून आनंदाने उतरवून घेतलं, तर एक काळी खिडकी उघडली आणि तिच्यात पांढरी रेघ लुकलुकत बसली. पुढे काय टाइप करायचं? नमस्कार?

शिकवणारे व्हिडिओ पाहिले. समोरचा मुलगा इतका भराभर बोलतो की त्याला कुठे गाडी पकडायची असावी. तीनदा मागे नेऊन ऐकला, तरी कळलं नाही. माझ्या भाचरांच्या वयाचा मुलगा, आणि मी वहीत "इथे काय दाबलं??" लिहीत बसलेय.

११ फेब्रुवारी

पडाव भागात सौरवच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. आमचे प्रिंटर, शाई सगळं त्याच्याकडून. म्हटलं, बिल्डिंगची एनर्जी काढायचं काही आहे का रे? तो म्हणाला, "बिजली के बिल वाला, दीदी? मिल जाएगा, सब मिल जाता है." आणि कपाटं धुंडाळायला लागला.

तेवढ्यात आमच्याच धंद्यातले एक ओळखीचे गृहस्थ दुकानात शिरले. "कसं काय मॅडम, काय घेताय?" मी चटकन माउस उचलला. "माउस." घेऊनच आले मग. घरात आता तीन माउस झाले.

सौरवने दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये दुकानदारांचं बिल करायचं सॉफ्टवेअर निघालं. आणि एक जन्मपत्रिकेचं.

१४ फेब्रुवारी

सुधाताईंचा फोन. "झालं का ग?" म्हटलं, "चाललंय." एक खोटं दुसऱ्याला बोट धरून घेऊन येतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेवटी पुण्याला फोन केला.

आमच्या घरात काही अडलं की पुणे. आईच्या वेळेपासून असंच आहे. मेतकूट पुण्याहून, पंचांग पुण्याहून, मंगळसूत्राची घडण सुद्धा इथे सराफ्यात जायचं तर पुण्याचा फोटो दाखवून. मुलींची स्थळं तर पुण्याचीच. मुलगा काय करतो हे नंतर, पुण्याचा आहे म्हटलं की अर्धी बैठक तिथेच होऊन जायची. पिढ्यान् पिढ्या इथे राहतोय आपण, हाडंमासं इथल्या पाण्याची, तरी "खरं" ते तिकडे. मी हसते लोकांना ह्याच्यावरून. आणि आज मीच.

इंदुताई माझी मावसबहीण, तिचा मुलगा सुश्रुत असलीच कामं करणाऱ्या ऑफिसात आहे. पोरगा गुणी. म्हणाला, "मावशी, एक फुकटचं चांगलं आहे, तेच लाव. मी माझी तयार फाइल पाठवतो. भिंती, खिडक्या, छत तुझं घाल, बाकी सगळं सेट आहे. आणि वेदर फाइल तेवढी बघून घे."

"हो हो, ते माहीत आहे मला," मी म्हटलं.

माहीत नव्हतं. वेदर फाइल म्हणजे काय रे बाळा, एवढं विचारायला काय जात होतं? पण ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं, त्याला कसं विचारू? लाज वाटली. पटकन इंदुताईच्या गुडघ्यांचं विचारलं आणि फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

जमलं! आठवडा गेला पण जमलं. भिंतींची जाडी भरली, विटा, प्लास्टर, काचा, कुठली बाजू पश्चिमेला, खोलीत मुली किती, पंखे किती, सगळं. बटण दाबलं. निळी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि आलेख उघडले. हिरवेगार!

मे महिन्यात भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावर, नुसत्या पंख्यावर खोलीत एकतीस अंश. छतावर थर घातला तर जेमतेम एक अंशाचा फरक. कूलरची गरज नाही.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं तिसरा मजला तापेल. वर उघडं छत, पश्चिमेला ओळीने खिडक्या. नकाशात थर मी म्हणूनच दाखवला होता. पण भिंती जाड घेतल्यात मी, त्याचाही परिणाम असेलच.

गोविंदला कौतुकाने दाखवलं. नवरा म्हणून तरी खूष व्हावं! तर म्हणतो, "आपल्या गच्चीखालच्या खोलीत मे महिन्यात दूध फाटतं. तुमच्याकडे एकतीस?" मी म्हटलं, हे शास्त्रीय पद्धतीने काढलंय, तुझ्या दुधावरून नाही. आयुष्यभर बँकेत शिक्के मारलेल्या माणसाला काय सांगायचं.

१ मार्च, रविवार

अहवाल दिला. रंगीत छापून, बाइंड करून, प्रत्येकाला एकेक प्रत. पानं उलटायचा आवाज तेवढा. सूर्याजीराव बराच वेळ पहिल्या पानावर होते. मग म्हणाले, "याला म्हणतात काम."

ठरलं असं — छताचा थर रद्द. कूलरसाठी खिडक्यांबाहेर चौकटी आणि पाण्याची लाइन करायची होती, तीही रद्द. जे वाचेल त्यातून दाराशी दगडी कमान करायची. कमानीची हौस सगळ्यांनाच होती, फक्त बोलत कोणी नव्हतं.

टाळ्या वाजल्या. मला छान वाटलं. का खोटं लिहू, खूपच छान वाटलं.

१९ मार्च, गुढीपाडवा

वसतिगृह उघडलं. कमानीला तोरण, वर गुढी, मुली साड्या नेसून. मला शाल आणि नारळ. सुधाताईंनी माझा अहवाल — त्याचं आलेखांचं पान — काचेच्या फ्रेममध्ये घालून दाराशी नियमांच्या शेजारी टांगलाय. नियमांमध्ये एक: खोलीत कूलर आणू नये, आवश्यकता नाही.

तिसऱ्या मजल्यावर सोनिका म्हणून एक मुलगी आली, शिवपुरीची. बारावी झाली, आता वर्षभर क्लास लावून आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतेय. परीक्षा मे महिन्यात. आधी भाड्याच्या खोलीत होती. मला म्हणाली, "ताई, मलापण तुमच्यासारखंच करायचंय, बिल्डिंगवालं. पापांनी एकच साल दिलंय. नहीं हुआ तो वापस." वडील सोबत होते, संग्रामसिंह. शिवपुरीत गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. सरळ, कमी बोलणारा माणूस. फ्रेम नीट वाचली त्यांनी, वर जाऊन पंखा लावून बघितला, मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मी तिला म्हटलं, काही लागलं तर मला सांग.

५ एप्रिल

ऊन सुरू झालं. बाहेर पडताना तोंडाला दुपट्टा. घरचा कूलर काढला, नवी खस घातली.

१६ एप्रिल, गुरुवार

आज जे केलं ते लिहायलाच हवं.

वसतिगृहात एका नळाची तक्रार होती म्हणून दुपारी गेले. अंग भाजणारी लू सुटली होती. नळ बघून झाला, म्हटलं वर एक चक्कर मारावी. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातच तोंडावर झळ आली. सोनिकाच्या दाराची कडी धरली आणि हात मागे घेतला.

आत ती टेबलाशी बसलेली. डोक्यावर ओला दुपट्टा, पाय बादलीत, पुढे पुस्तक. वरचा पंखा गरम हवा खाली ढकलत होता. मला बघून धडपडत उठली, पाणी सांडलं, तेच पुसायला लागली बिचारी.

म्हणाली, "ताई, बहुत गरम होतं इथे. दोपहर को तो बसताच येत नाही. सुधामॅमना बोलले तर त्या म्हणाल्या, आधी खाली जाऊन रिपोर्ट वाच." मग घाईने, "मैं शिकायत नहीं कर रही. बस, विचारलं. सबको इतना लगता है क्या?"

आणि मी काय बोलले? म्हणाले, "अग, मीपण याच गावात वाढलेय. थोडी सवय करायला लागते. परीक्षा जवळ आली की मन लागत नाही, मग उकाडा जास्त वाटतो."

ती म्हणाली, "जी."

खोलीत उभी होते मी. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता माझा. माझ्या स्वतःच्या कातडीला कळत होतं, आणि मी तिला अहवालाचं ऐकवलं. खाली आले, गाडीत बसले, आणि पहिलं काम काय केलं तर एसी लावला.

१९ एप्रिल, रविवार

सापडलं. देवा.

एका डॉक्टरांना नर्सिंग होमसाठी तसाच अहवाल हवाय. म्हणून वसतिगृहाचीच फाइल पुन्हा उघडली, तीच थोडी बदलून वापरावी म्हणून. या खेपेला जरा धीर आलेला, म्हणून ज्या पानांना मी हात लावला नव्हता तीही उघडून बघत होते. एका पानावर वरती बारीक ओळ. शहर: पुणे.

आधी कळलंच नाही. मग कळलं. वेदर फाइल म्हणजे गावाची हवा. वर्षभराची, तासातासाची, ऊन, वारा, सगळं. सुश्रुतने त्याची फाइल पाठवली, त्यात त्याचं गाव होतं. तेवढं बदलायला त्याने सांगितलं होतं. तेवढंच मी बदललं नाही.

त्या ओळीवर दाबलं तर गावांची यादी उघडली. ग्वाल्हेर होतं. व्यवस्थित, ठळक, बसलेलं होतं यादीत. निवडलं. बटण दाबलं. निळी पट्टी शेवटाला जाईपर्यंत मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तिसरा मजला, मे, दुपार: एक्केचाळीस. एप्रिलच्या शेवटीही तेवढेच. छताला थर आणि कूलर घातले तर तेहतीस.

अख्खं वसतिगृह मी पुण्याच्या हवेत उभं केलं होतं. आणि मुली राहतायत इथल्या.

२० एप्रिल

आज सुधाताईंना सांगणार होते. नाही सांगितलं. अक्षय्य तृतीयेचं निमित्त सापडलं — आज समाजात हळदीकुंकू, आज कसं सांगायचं.

२१ एप्रिल

आजही नाही.

२२ एप्रिल, बुधवार

सकाळी चहा घेताना गोविंदला सांगितलं. मला वाटलं दुधाचं काढेल. काढलं नाही. बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "कधी सांगणार त्यांना?"

म्हटलं, आधी गुपचूप छताला चुना मारून घेते, थोडा फरक पडेल, मग बघू.

"म्हणजे झाकायचं."

मी चिडले. तुला काय जातं बोलायला, तुझी शाल नाही काढून घेणार कोणी, असं काहीबाही बोलले. खरं तर तो एवढंच म्हणाला होता, की झाकायचं. एका शब्दात माझ्या पोटातलं सगळं बाहेर काढलं म्हणून राग आला.

२४ एप्रिल

सुश्रुतला फोन केला. मनातून वाटत होतं की त्याचीच चूक निघावी. तो म्हणाला, "अग मावशी, पहिल्यांदा सगळ्यांचं होतं हे. मीच नीट समजावून द्यायला हवं होतं." त्याने रागावायला हवं होतं. इतक्या चांगलेपणाने बोलला की फोन ठेवल्यावर मी रडले.

ह्याला विचारायची लाज वाटली होती मला. तेव्हाची ती दोन मिनिटांची लाज घेतली असती, तर आज ही नसती.

२६ एप्रिल

चुनेवाल्याला घेऊन गेले. सुधाताईंनी विचारलं, कशाला ग, अहवालात तर काही नव्हतं. म्हटलं, दिसायला बरं. छतावर चुना लावून झाला. संध्याकाळी तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला हात लावला, तव्यासारखी. मुली व्हरांड्यात चटया टाकून बसल्या होत्या. मला बघून सरकून वाट दिली. सोनिका मान खाली घालून वाचत होती. ओठ फुटले होते तिचे.

बोलायला तोंड उघडलं होतं. "अभ्यास कसा चाललाय?" एवढंच निघालं.

२९ एप्रिल, बुधवार

सुधाताईंचा फोन. सोनिका काल दुपारी खोलीत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले उन्हाचं आहे, सलाइन लावलं. वडील येऊन घेऊन गेले शिवपुरीला. सामानासकट.

मी म्हटलं, कशी आहे आता?

"बरी आहे ग. नाटकं सगळी. अभ्यास नकोय, म्हणून उकाड्याचं निमित्त. वडिलांना म्हणत होती खोली भट्टी आहे, तिथे राहता येत नाही. मी त्यांना खाली आणलं, फ्रेम दाखवली. म्हटलं, हे बघा, मशीनने काढलंय, आमच्या इंजिनियर बाईंनी. खोली गरम नाहीये, तुमच्या मुलीचं मन नाहीये. ते वाचून मागे वळले. तिला म्हणाले, चल. बरोबर बोलले ना मी?"

मी "हं" म्हटलं.

३० एप्रिल

हं!

जेवण गेलं नाही. एक अक्षर. ते म्हणायला एवढा सुद्धा वेळ लागला नाही, आणि त्यात ती पोर खोटी ठरली. तिने मला विचारलं होतं, सगळ्यांना इतकं वाटतं का. तिला शंका स्वतःवरच होती. ती शंका मी दिली तिला. थर्मामीटर खोटा आहे हे माहीत असून मी होकार दिला, की तापलेल्या पोरीला ताप नाहीये.

आता शरम वाटते म्हणून सांगत नाही म्हणावं, तर शरम आहे कुठे? खरी शरम असती तर कालच तोंडून खरं निघालं असतं. ही नुसती भीती आहे.

३ मे, रविवार

सांगितलं.

मीटिंगमध्ये कमानीच्या रंगाचा विषय चालला होता. मी उभी राहिले. म्हटलं, अहवाल चुकलाय. मला ते सॉफ्टवेअर येत नव्हतं, येतं असं मी खोटं सांगितलं. इथल्या हवेच्या जागी पुण्याची हवा घालून हिशेब झालाय. थर हवा होता, कूलर हवे होते. सोनिका पडली ती त्याने. मला दोन आठवडे माहीत आहे आणि मी गप्प बसले.

सूर्याजीरावांनी फाइलमधून अहवाल काढला, पहिलं पान उघडलं. एका ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे तर मी तेव्हाच वाचलं होतं. शहर पुणे, लिहिलंच आहे इथे."

मी वाकून बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात, सॉफ्टवेअरने आपणहून छापलेलं.

"मला वाटलं, पुण्याहून तपासून आलंय. म्हटलं, मग काय बघायचं."

एकेकाने आपापली प्रत उघडली. सगळ्यांनी वाचलं होतं! खजिनदारांनी तर ती ओळ पेनाने अधोरेखित केली होती, ट्रस्टवाल्यांना दाखवायला. पुण्याचं आहे म्हटल्यावर एकालाही विचारावंसं वाटलं नाही, की ग्वाल्हेरच्या घराला पुणं कशाला. कोणीतरी हसलं, मग दुसरं. मलाही क्षणभर हसू आलं, आणि जरा हलकं वाटायला लागलं. म्हणजे एकटी मीच नाही.

सुधाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही वाचलं आणि कळलं नाही. तुला कळलं होतं. बुधवारी मी फोनवर विचारलं तुला, बरोबर बोलले ना. तेव्हा कळलं होतं ना?"

"हो."

"मी त्या माणसाला काय काय बोलले त्याच्या मुलीबद्दल. तुझ्या भरवशावर."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हलकं वाटलेलं गेलं, आणि गेलं ते बरंच झालं. सूर्याजीराव उठले आणि स्वतः जाऊन फ्रेम उतरवली. थर आणि कूलर लगेच करायचं ठरलं. कमान तशीच राहील, पाडून काय मिळणार. काम मीच बघायचं, असंही ठरलं. मला वाटलं होतं काढून टाकतील. काढलं असतं तर सुटले असते.

७ मे, गुरुवार

कूलर लागले. छताचं काम चालू. सकाळपासून उन्हात उभी होते. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी पन्हं घेऊन वर आली. "ताई, लू लग जाएगी, प्या." कोणी काही बोललं नाही मला. बोलायला हवं होतं कोणीतरी.

सोनिकाची खोली रिकामीच आहे. टेबलाखाली बादली तशीच.

शिवपुरीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

९ मे, शनिवार

सोनिकाचा फोन आला. कुजबुजत बोलत होती. सुधाताईंनी तिला सगळं कळवलंय म्हणे, माफीही मागितली फोनवर. सुधाताईंनी! ज्यांची चूकच नव्हती.

मी बोलायला गेले, बाळा, माझं चुकलं — तर तिने मध्येच थांबवलं. "ताई, ते राहू द्या. एक काम होतं. तुम्ही लिहून द्याल का?"

"काय लिहून देऊ?"

"की गरम होतं. सचमें गरम होतं. पापा फोनवरचं मानत नाहीत. म्हणतात, मॅडम दया करून बोलतायत, रिपोर्ट तर छापलेला होता. एग्ज़ाम अगले हफ्ते आहे. कागदावर असेल तर शायद पाठवतील."

तिला माझी माफी नको होती. तिला एक्केचाळीस हवे होते, सहीशिक्क्यासह.

१० मे, रविवार

लिहिलं. चार वेळा फाडलं. दर वेळी माझं मलाच कळायचं, कुठल्या वाक्यात मी स्वतःला वाचवतेय. "तांत्रिक कारणामुळे" लिहिलं होतं आधी. तांत्रिक काय डोंबल. मग सरळ लिहिलं. खोलीत एक्केचाळीस अंश होते. मी केलेला हिशेब चुकीचा होता. मुलगी खरं बोलत होती, मला ते माहीत होतं, आणि मी बोलले नाही. खाली नाव, शिक्का.

गोविंदला वाचायला दिला. त्याने वाचला आणि म्हणाला, "पोस्टाने नको पाठवू."

११ मे, सोमवार

शिवपुरीला जाऊन आले. संग्रामसिंह दुकानात एकटेच होते. मागे घर, आतल्या दारात सोनिका उभी होती, बाहेर आली नाही. मी कागद दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचला. म्हणाले, उद्या स्वतः सोडायला येतो तिला.

मी उठले तरी ते कागदाकडेच बघत होते. मग हळू आवाजात, दाराकडे न बघता म्हणाले, "बाईसाहेब, झूठ बोलते म्हणून मी हात उचलला तिच्यावर. जिंदगीत पहिल्यांदा."